शस्त्राला पारपत्र नसते
वैयक्तिक अग्निशस्त्र सरहद्दीपलीकडे नेताना वा आणताना येणाऱ्या कायदेशीर अडचणी

नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात भारतीय नागरिकांची पारपत्रे छापली जातात. पारपत्राच्या छोट्याशा पुस्तिकेत धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे, अशी विनंती भारत सरकारच्या वतीने अन्य राष्ट्रांना केलेली असते. नागरिकाच्या मालकीच्या, रीतसर परवाना असलेल्या बंदुकीसाठी मात्र अशी कोणतीही पुस्तिका आपल्याकडे नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी किंवा पोलीस आयुक्तांनी दिलेला शस्त्र परवाना भारताच्या सीमेपाशी संपतो. तेथून पुढे त्या शस्त्राला दुसऱ्या देशाचा कायदा लागू होतो आणि परतीच्या वेळी आपल्याच देशाचा कायदा पुन्हा नव्याने विचारणा करतो.

ही बाब वरवर पाहता मूठभर लोकांच्या कामाची वाटेल. तथापि, स्पर्धेसाठी परदेशी जाणारे नेमबाज, अनेक वर्षे परदेशात राहून कायमच्या वास्तव्यासाठी परतणारी कुटुंबे, वडिलोपार्जित बंदुकीचे वारस, तसेच सामानाच्या कप्प्यात नकळत राहिलेल्या एका काडतुसामुळे विमानतळावर थांबविला गेलेला प्रवासी, या सर्वांना या कायद्याशी गाठ पडते. बहुतेकांची अडचण गुन्हेगारी हेतूतून उद्भवत नाही. एका देशात जे कायदेशीर, ते दुसऱ्या देशातही कायदेशीर असलेच पाहिजे, या समजुतीतून ती उद्भवते. म्हणून या कायद्याची घडण समजून घेणे आवश्यक आहे.

नाशिकच्या इतिहासातील एक प्रकरण

हा प्रश्न नाशिकला नवा नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. या प्रकरणी अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. वापरण्यात आलेले पिस्तूल ब्राऊनिंग बनावटीचे होते. लंडनहून विनायक दामोदर सावरकर यांनी अशी २० पिस्तुले इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्यामार्फत मुंबईस पाठविली आणि ती पेटीच्या दुहेरी तळात दडवून आणण्यात आली, असे नंतरच्या खटल्यात निष्पन्न झाले.

स्वातंत्र्यलढ्याच्या दृष्टीने या घटनेचे स्थान सर्वश्रुत आहे. येथे तिची कायदेविषयक बाजू तेवढी पाहावयाची आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये १९०३ चा पिस्तूलविषयक कायदा लागू होता. त्या कायद्यानुसार टपाल कचेरीतून १० शिलिंगांचा बंदूक परवाना घेतलेल्या व्यक्तीस दुकानातून पिस्तूल विकत घेता येत असे. तेच पिस्तूल मुंबई बंदरात उतरताच १८७८ च्या भारतीय शस्त्र कायद्याच्या कक्षेत येई. वस्तू एकच, पण समुद्र ओलांडताच तिचे कायदेशीर रूप पालटत असे.

यापेक्षाही महत्त्वाची बाब अशी की, १८७८ च्या कायद्याने शस्त्रे आणण्यास सरसकट मज्जाव केलेला नव्हता. शस्त्र बाळगण्यास कायद्याने पात्र असलेल्या व्यक्तीला स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्रे व दारूगोळा आणण्याची मुभा त्यात होती. प्रश्न होता तो पात्र कोण, हा. नियमांतील सवलतींचा लाभ प्रामुख्याने युरोपियन रहिवाशांना मिळे आणि सर्वसामान्य भारतीयाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येत नसे. त्यामुळे एकाच बोटीतून उतरणाऱ्या दोन प्रवाशांपैकी एकाला आपले पिस्तूल उघडपणे नेता येई, तर दुसऱ्याला तेच बाळगल्याबद्दल तुरुंगाची वाट धरावी लागे. शस्त्रापेक्षा शस्त्रधारकाच्या वर्णाला महत्त्व देणारा असा तो कायदा होता.

स्वतंत्र भारताचा कायदा

स्वातंत्र्यानंतर ही विषमता नाहीशी करणे क्रमप्राप्त होते. भारताच्या संविधानाने शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय केंद्राच्या सूचीत ठेवला. नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाने दिला. शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश मात्र मूलभूत हक्कांत करण्यात आला नाही. पुढे संसदेने शस्त्र अधिनियम, १९५९ संमत केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. १९६२ च्या नियमांची जागा आता शस्त्र नियम, २०१६ यांनी घेतली आहे.

या अधिनियमाच्या कलम ३ नुसार अग्निशस्त्र जवळ बाळगण्यासाठी परवाना आवश्यक आहे. नाशिक शहरात तो पोलीस आयुक्तांकडून आणि जिल्ह्याच्या उर्वरित भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. निषिद्ध बोअरच्या शस्त्रांबाबतचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली. वारसाहक्काने मिळणाऱ्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे. नेमबाज खेळाडूंसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे करण्यात आली.

सरहद्दीचा प्रश्न कलम १० मध्ये येतो. समुद्र, भूमी वा आकाश यांपैकी कोणत्याही मार्गाने शस्त्र भारतात आणण्यास किंवा भारताबाहेर नेण्यास स्वतंत्र परवाना हवा, हा या कलमाचा मूळ नियम होय. त्याला दोन अपवाद आहेत. ज्याला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे, अशा व्यक्तीस स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्रे व दारूगोळा स्वतंत्र परवान्यावाचून नेता-आणता येतो, हा पहिला अपवाद. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशांतील खऱ्याखुऱ्या पर्यटकाला केवळ खेळाच्या प्रयोजनासाठी विहित अटींवर शस्त्र आणता येते, हा दुसरा. खेळ या शब्दाचा १९५९ साली मुख्य अर्थ शिकार असा होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी तो अर्थ संपुष्टात आणला.

पहिला अपवाद १८७८ च्या कायद्यातील सवलतीशी शब्दशः मिळताजुळता आहे. फरक पात्रतेत आहे. आता ती वंशावर अवलंबून नसून प्रत्येक नागरिकाला सारख्याच निकषांवर मिळणाऱ्या परवान्यावर अवलंबून आहे.

अपवादालाही लगाम

या सवलती वाचून प्रवाशाने निश्चिंत होणे मात्र योग्य ठरणार नाही. त्याच कलमाच्या पोटकलम (२) नुसार, सवलत लागू होते किंवा नाही, शस्त्रांचे प्रमाण वाजवी आहे किंवा नाही, अथवा त्यांचा वापर कशासाठी होणार, याविषयी सीमाशुल्क अधिकाऱ्यांना शंका आल्यास केंद्र सरकारचे आदेश येईपर्यंत ती शस्त्रे अडवून ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे. पुढे प्रवासी निर्दोष ठरला तरी तोपर्यंत स्पर्धा संपून गेलेली असते. म्हणून येथे कागदपत्रे असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती निर्विवाद असणेही महत्त्वाचे.

पोटकलम (३) मधील तरतूदही लक्षणीय आहे. भारताच्या एका भागातून दुसऱ्या भागात शस्त्र समुद्रमार्गे किंवा मधल्या परकीय मुलुखातून नेल्यास ते देशाबाहेर नेऊन परत आणले, असेच कायदा मानतो. हा अधिनियम संमत झाला तेव्हा गोवा, दमण व दीव पोर्तुगीज अंमलाखाली होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या तरतुदीचे त्या काळचे व्यावहारिक महत्त्व कळून येते.

शस्त्र कायद्याच्या जोडीला सीमाशुल्क अधिनियम, १९६२ आणि विदेश व्यापारविषयक नियमही लागू होतात. अग्निशस्त्र हे प्रवाशाच्या नित्याच्या सामानात मोडत नाही आणि त्याला करमुक्त सामानाची सवलत नाही. एका कायद्याने दिलेली मुभा दुसऱ्या कायद्याची अट आपोआप पुरी करीत नाही, हे येथे विशेषत्वाने लक्षात ठेवावयास हवे.

परदेशातून परतणारी कुटुंबे

अमेरिकेसारख्या देशात स्थायिक झालेल्या व्यक्तीने तेथील कायद्यानुसार पिस्तूल विकत घेतलेले असते. निवृत्तीनंतर नाशिकला कायमचे परतताना घरातील अन्य सामानाबरोबर तेही आणता येईल, अशी तिची समजूत असते. प्रत्यक्षात येथे एकामागून एक चार प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न परवान्याचा. परदेशी परवाना भारतात ग्राह्य नाही. भारतातील सक्षम प्राधिकाऱ्याचा वैध परवाना हाती असल्याखेरीज शस्त्र सीमाशुल्कातून सुटत नाही. दुसरा प्रश्न बोअरचा. ९ मिलीमीटरचे पिस्तूल अनेक देशांत सर्रास विकले जाते. भारतात मात्र हा बोअर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहे. तिसरा प्रश्न वास्तव्याचा. कायमच्या वास्तव्यासाठी परतणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत परवानगीयोग्य बोअरच्या एकाच अग्निशस्त्राचा विचार होत आला आहे. तेही ते परदेशात किमान एक वर्ष तिच्या ताब्यात व वापरात असले तर, शुल्क भरून आणि पुढे न विकण्याच्या अटीवर. या अटींत अधिसूचनांद्वारे वेळोवेळी बदल होत असल्याने शस्त्र जहाजावर वा विमानात चढविण्यापूर्वी सीमाशुल्क कार्यालयाकडून चालू नियमांची लेखी खात्री करून घेणे हिताचे ठरते. चौथा प्रश्न पाठविणाऱ्या देशाचा. तेथून शस्त्र बाहेर काढण्यासाठी त्या देशाचेही निर्यातविषयक नियम पाळावे लागतात.

उलट दिशेनेही हीच दक्षता घ्यावी लागते. परवानाधारक दीर्घकाळासाठी परदेशी जाणार असेल, तर शस्त्र कपाटात कुलूपबंद ठेवून किल्ली नातेवाईकाकडे देणे धोक्याचे आहे. ज्याच्या नावे परवाना नाही, अशा व्यक्तीच्या ताब्यात ते शस्त्र गेले, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. पोलीस ठाण्यात अथवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे ते जमा करून पावती घेणे, हा सुरक्षित मार्ग होय. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर परदेशस्थ वारसांनीही याच मार्गाने शस्त्र जमा करावे आणि मग परवान्यासाठी किंवा विक्रीसाठी अर्ज करावा.

नेमबाजांची वाट

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील हा खेळाडू घडला तो नाशिक येथील क्रीडा प्रबोधिनीत. क्रीडा मानसशास्त्रज्ञ व निवृत्त पोलीस अधिकारी कै. भीष्मराज बाम यांनीही नाशिकमध्ये राहून अनेक नेमबाजांना मार्गदर्शन केले. या खेळाची राष्ट्रीय संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना १९५१ साली झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक होत.

धावपटू आपले बूट पिशवीत टाकून विमानात बसतो. नेमबाजाला तसे करता येत नाही. ५० मीटर प्रकारात वापरली जाणारी रायफल ०.२२ इंच बोअरची असते व कायद्याच्या दृष्टीने ती अग्निशस्त्रच होय. तिच्यासाठी भारतीय परवाना, स्पर्धेचे निमंत्रण, राष्ट्रीय संघटनेचे पत्र, यजमान देशाची तात्पुरती आयात परवानगी, विमान कंपनीची पूर्वसंमती आणि मार्गात विमान बदलावयाचे असल्यास त्या तिसऱ्या देशाची अनुमती, इतकी सारी साखळी जुळवावी लागते. तिची एक कडी निखळली तरी खेळाडू पोहोचतो आणि रायफल मागे राहते. वर्षानुवर्षे एकाच रायफलीवर सराव केलेल्या खेळाडूच्या दृष्टीने ही हानी भरून येण्यासारखी नसते.

देशोदेशीचे कायदे किती भिन्न आहेत, याची काही उदाहरणे बोलकी आहेत. १० मीटर प्रकारातील ४.५ मिलीमीटरची एअर रायफल भारतात परवानामुक्त आहे, कारण ०.१७७ इंचापर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची मुखऊर्जा असलेल्या हवाई शस्त्रांना २०१६ च्या नियमांत तशी सूट आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या अखेरीपासून अशा हवाई शस्त्रासाठीही प्रमाणपत्र लागते आणि पाहुण्या खेळाडूस अभ्यागत परवाना घ्यावा लागतो. ब्रिटनने डनब्लेन येथील १९९६ च्या शाळेतील हत्याकांडानंतर १९९७ साली बहुतेक सर्व पिस्तुलांवर बंदी घातली. परिणामी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील पिस्तूल स्पर्धांसाठी तेथील सरकारला खास सूट द्यावी लागली. अमेरिकेत तात्पुरत्या प्रवेशपत्रावर जाणाऱ्या परदेशी व्यक्तीस सर्वसाधारणपणे अग्निशस्त्र बाळगता येत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धा वा वैध शिकार परवाना यांसारखी कारणे असल्यास अगोदर अर्ज करून आयात परवाना मिळवावा लागतो. युरोपीय संघाने आपल्या रहिवाशांसाठी अग्निशस्त्र पास सुरू केला आहे. शस्त्राच्या पारपत्राच्या सर्वांत जवळ जाणारी ही व्यवस्था. पण तिचा लाभ संघाबाहेरील नागरिकांना नाही.

आपल्या शेजारचे उदाहरण अधिकच सूचक आहे. भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये प्रवेशपत्राविना जाता येते. पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूला ही मोकळीक आहे. त्याच्या बंदुकीला नाही. सीमा माणसांसाठी खुली असली म्हणजे ती शस्त्रांसाठीही खुली असते, असे नव्हे.

एका काडतुसाची किंमत

ज्यांच्याकडे शस्त्र आहे, पण जे ते परदेशी नेऊ इच्छीत नाहीत, अशांच्या वाट्यालाही एक अडचण येते. शेतावर जाताना वा सरावासाठी वापरलेली पिशवी पुढे प्रवासासाठी घेतली जाते आणि तिच्या अस्तरात एखादे काडतूस राहून जाते. मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरण तपासणीत ते दिसताच प्रवास थांबतो आणि गुन्हा नोंदविला जाण्याची शक्यता निर्माण होते. शस्त्र वा काडतूस ताब्यात असणे म्हणजे ते जाणीवपूर्वक ताब्यात असणे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मधील एका निकालात स्पष्ट केला आहे आणि नकळत राहिलेल्या काडतुसांच्या प्रकरणी अनेकांना उच्च न्यायालयांतून दिलासाही मिळाला आहे. परंतु हा दिलासा कालांतराने मिळतो. तो मिळेपर्यंत चुकलेले विमान, वकिलाचा खर्च आणि न्यायालयाच्या खेपा चुकत नाहीत. हीच चूक परदेशातील विमानतळावर उघडकीस आली, तर भारतीय न्यायालयाचा हा अर्थ तेथे उपयोगी पडेलच असे नाही.

जाणूनबुजून केलेल्या कृत्यांबाबत मात्र कायदा आता अधिक कठोर झाला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अग्निशस्त्रांची अवैध तस्करी हा स्वतंत्र गुन्हा ठरविला असून त्यासाठी किमान १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा ठेवली आहे.

प्रवासापूर्वी घ्यावयाची दक्षता

वरील सर्व तरतुदींचा व्यावहारिक निष्कर्ष पुढीलप्रमाणे सांगता येईल :

१. परवान्याची मुदत, क्षेत्र, शस्त्राचा क्रमांक व परवान्याचा एकमेव ओळख क्रमांक तपासून घ्यावा. शस्त्रावरील क्रमांक आणि कागदावरील क्रमांक यांत एका अंकाचाही फरक नसावा.

२. यजमान देशाची परवानगी प्रथम मिळवावी आणि तिकीट नंतर काढावे. विमान वाटेत बदलावयाचे असल्यास त्या देशाचेही नियम विचारावेत.

३. देश सोडताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून शस्त्राची नोंद असलेले निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना हे शस्त्र आपलेच आहे व ते नव्याने आणलेले नाही, याचा तोच पुरावा असतो.

४. शस्त्र रिकामे करून, कुलूपबंद पेटीत, नोंदणीकृत सामानातच द्यावे. काडतुसे वेगळी बांधावीत. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांनुसार स्वतःच्या वापरासाठीची काडतुसे प्रत्येक प्रवाशामागे वेष्टनासह ५ किलोग्रॅमपेक्षा अधिक नेता येत नाहीत. विमान कंपनी याहून कमी मर्यादाही घालू शकते.

५. नेलेली, वापरलेली व परत आणलेली काडतुसे यांचा हिशेब लिहून ठेवावा.

६. शस्त्रासाठी वापरलेली पिशवी अन्य प्रवासासाठी वापरू नये. वापरणे भागच असेल, तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून पाहावा.

७. विमानतळावर वा बंदरात उतरताच शस्त्राची घोषणा स्वतःहून करावी. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम ७७ नुसार सामानाची घोषणा करणे बंधनकारक आहे. खरी घोषणा केली असता, जी वस्तू आत नेता येत नाही ती अधिकाऱ्यांकडे ठेवून देश सोडताना परत मागण्याची सोय कलम ८० मध्ये आहे. लपविलेल्या वस्तूला ही सोय मिळत नाही.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची होय. परकीय राजवटीत सामान्य भारतीयाला शस्त्राची घोषणा उघडपणे करण्याची वाटच ठेवलेली नव्हती. आज ती वाट आहे. ती लांबची आहे, तिच्यावर अनेक कचेऱ्या लागतात आणि वेळही मोडतो. म्हणून नेमबाजांनी व परतणाऱ्या कुटुंबांनी अर्जाचे काम प्रवासाच्या कित्येक महिने आधी हाती घ्यावे. जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवाना शाखा किंवा पोलीस आयुक्तालय येथे केलेली एक वेळेवरची चौकशी परक्या देशातील विमानतळावर होणारी अनेक तासांची चौकशी टाळू शकते.